मनाच्या प्रथमोपचाराचे शिक्षण मोठ्यांनी घ्यावे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारिणीने 'तरुणांचे मानसिक आरोग्य आणि मोठ्यांची जबाबदारी' हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आले की या विषयावर एखाद्या डॉक्टरांना बोलाविले असते तर बरे झाले असते. मी बँकेत लिपिक आहे. कला शाखेची पदवी घेतली, परीक्षा देऊन नोकरीला लागले आणि आज कित्येक वर्षे काउंटरवर बसून लोकांचे पैसे मोजते आहे. मनाच्या आजारावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु या विषयाचे वाचन करीत गेले, तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. तरुण मुलामुलींच्या मनाचे दुखणे सर्वांत आधी ज्याच्या दृष्टीस पडते, तो माणूस सहसा डॉक्टर नसतो. ती आई असते, मावशी असते, वसतिगृहाचे रेक्टर असतात, खानावळ चालविणारी बाई असते, शिकवणीचे सर असतात. म्हणजे तुम्ही आणि मी. आपल्यासारख्या साध्या माणसांना या कामाचे शिक्षण देता येते आणि ते आपण घेतले पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम प्रश्न केवढा मोठा आहे ते पाहू. माणसाला पुढे आयुष्यभर छळणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे निम्मे आजार वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. १३ ते १७ वयाच्या मुलामुलींत १०० मागे सुमारे ७ जणांना मानसिक आजार असल्याचे तीत आढळले. निरनिराळ्या मानसिक आजारांत १०० पैकी ७० हून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, हेही त्याच पाहणीने दाखविले. आता अधिक दुःखाचा आकडा सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र सर्वांत वर होता. ज्या महाराष्ट्राने देशाला शिक्षणाची वाट दाखविली, त्या महाराष्ट्राची ही स्थिती आहे. यातील प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे आणि त्या घरी "आम्हाला काही कळलेच नाही" असे म्हणत बसलेले आईबाप आहेत.

कळले का नाही? त्यांचे मुलावर प्रेम नव्हते म्हणून नव्हे. काय पाहावे आणि पाहिल्यावर काय बोलावे, हे त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. पाय मुरगळला तर काय करावे हे आपल्याला ठाऊक असते. भाजले तर थंड पाण्याखाली धरावे, हेही शाळेतल्या पोराला सांगता येते. आमच्या बँकेच्या शाखेत आग विझविण्याचे लाल नळकांडे भिंतीला टांगलेले असते. अग्निशामक दलाची वाट न पाहता पहिली पाच मिनिटे आपण काय करावयाचे, एवढ्यासाठी ते असते. मनाला आग लागली असता पहिल्या पाच मिनिटांत काय करावयाचे, याचे नळकांडे मात्र आपल्या कोणाच्या घरात नाही.

हाच विचार ऑस्ट्रेलियातील एका दांपत्याच्या मनात आला. बेटी किचनर या परिचारिका व आरोग्य-शिक्षिका आणि त्यांचे पती टोनी जॉर्म हे मानसिक आरोग्याचे संशोधक. बेटीबाईंनी स्वतः तरुणपणापासून नैराश्याचा आजार भोगलेला होता. शरीराच्या प्रथमोपचाराचे वर्ग जागोजागी चालतात, मग मनाच्या प्रथमोपचाराचे का नसावेत, असा त्यांचा साधा प्रश्न होता. २००० साली त्यांनी हे काम सुरू केले आणि आज ते २५ हून अधिक देशांत पसरले आहे. त्याचीच एक शाखा पुढे खास प्रौढांसाठी निघाली. किशोरवयीन मुलांच्या सहवासात असणाऱ्या पालकांना, शिक्षकांना, खेळाच्या प्रशिक्षकांना तेथे शिकवितात. तो वर्ग काही वर्षांचा अभ्यासक्रम नव्हे. साधारण दोन दिवसांत पुरा होतो. त्यातून कोणी डॉक्टर होत नाही, व्हावे अशी अपेक्षाही नाही. आजाराला नाव देणे हे प्रथमोपचार करणाऱ्याचे काम नाही. दुखणे ओळखणे, धीर देणे आणि योग्य माणसापर्यंत पोहोचविणे, येथे त्याचे काम संपते.

असे शिक्षण घेतलेल्यांचे ज्ञान वाढते, मदत करण्याचा धीर वाढतो आणि आजाऱ्याविषयीचा आकस कमी होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. ज्या मुलाला मदत केली त्याचे दुखणे त्यामुळे किती उतरते, याचा पुरावा मात्र अद्याप तितका पक्का नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण दोन दिवसांच्या वर्गाने सारे प्रश्न सुटतात असा समज करून घेणे धोक्याचे आहे.

परदेशचे सोडा, आपल्याकडेही याचे दाखले आहेत. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली असे दाखवून दिले की, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा ते आठ बैठका घेतल्या तरी नैराश्याच्या रुग्णांना चांगला गुण येतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केले. दीड वर्षाच्या आत नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १०० मागे ४ होते, ते २७ वर गेले. हे दोन्ही प्रयोग प्रौढांपुरते होते.

मुलांच्या बाबतीत बिहारमधील नालंदा जिल्ह्याचा प्रयोग फार बोलका आहे. तेथे २०१५-१६ च्या शैक्षणिक वर्षात सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळा निवडल्या. काही शाळांत बाहेरून नेमलेला एक प्रशिक्षित साधा कार्यकर्ता दिला, काही शाळांत तेच प्रशिक्षण तेथल्याच एका शिक्षकाला दिले आणि उरलेल्या शाळांत यांपैकी काहीच नव्हते. मुलांना मनातले लिहून टाकता यावे म्हणून पेटी ठेवली, भित्तिपत्रके काढली, एकेकट्याशी बोलणे ठेवले. वर्षअखेरीस कार्यकर्त्यांच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांमधील नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत मात्र फारसा फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असे नव्हे. मला वाटते, त्यांच्यावर शिकविण्याचा आणि इतर कामांचा बोजा होता. शिवाय जो माणूस आपले पेपर तपासतो, त्याच्याजवळ मूल मन कसे मोकळे करील? यातून आपण धडा घेतला पाहिजे. नुसते प्रशिक्षण पुरत नाही. त्या माणसाजवळ वेळ हवा, आणि मुलाला त्याची भीती वाटता कामा नये. असा वेळ आणि असा विश्वास काका-मामा-मावशीजवळ, आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्याजवळ असू शकतो. म्हणूनच हे काम शाळेवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आता या शिक्षणात शिकवितात तरी काय, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, ओळखणे. दुःख सर्वांनाच होते. गुण कमी पडले की दोन दिवस मूल रुसून बसते, हा आजार नव्हे. परंतु दोन आठवडे लोटले तरी उतार नाही, झोप उडाली आहे किंवा मूल दिवसभर अंथरुणातच आहे, जेवणावर वासना नाही, मित्रांचे फोन घेत नाही, आवडता खेळ सुटला, चिडचिड वाढली, अंगावर जखमांचे वण लपविते आहे, अशा खुणा दिसल्या की आपण जागे व्हावे. "मी नसतो तर बरे झाले असते" असे वाक्य थट्टेत आले तरी ते थट्टेवारी नेऊ नये.

दुसरी गोष्ट, ऐकणे. हे सर्वांत कठीण. समजा, तुमचा भाचा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात खोली घेऊन राहतो. सुट्टीत घरी आला, पण कोणात मिसळत नाही. तुम्ही जवळ बसून विचारता, तेव्हा तो म्हणतो, "मावशी, अभ्यासात लक्षच लागत नाही. सगळं व्यर्थ वाटतं." अशा वेळी आपल्या तोंडून काय बाहेर पडते? "एवढ्याशानं खचतोस? आम्ही रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केला." किंवा, "तुझे वडील हमाली करून तुला शिकवतात, त्यांचा तरी विचार कर." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तो मुलगा वडिलांचा विचार रात्रंदिवस करीतच असतो. त्याच ओझ्याखाली तो वाकलेला आहे आणि आपण त्यावर आणखी एक गोणी ठेवतो. त्याऐवजी "बरं केलंस सांगितलंस. किती दिवसांपासून असं वाटतंय?" एवढे विचारावे आणि गप्प बसावे. तो थांबला तरी घाई करू नये. उपदेश, तुलना आणि उलटतपासणी या तिन्ही गोष्टी त्या वेळी दाराबाहेर ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट, स्पष्ट विचारणे. जीव द्यावासा वाटतो का, असे मुलाला विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. शांतपणे, प्रेमाने विचारले तर बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते, कारण कोणीतरी आपले दुःख ओळखले याची त्यांना खात्री पटते. उत्तर 'होय' आले तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. घरातील औषधे, कीटकनाशके अशा घातक वस्तू कुलपात ठेवाव्यात किंवा घराबाहेर हलवाव्यात. "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये. "तुझ्या जिवापेक्षा मला काही मोठं नाही, म्हणून आपण दोघं मिळून मदत घेऊ," असे सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

चौथी गोष्ट, पोहोचविणे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री केव्हाही करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. मुलानेच फोन करावा असे नाही. काळजीत पडलेली आई किंवा मावशीही सल्ला विचारू शकते. जिल्हा रुग्णालयांतून मनोविकारांवर उपचार होतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. देवऋषी-मांत्रिकाकडे घालविलेले महिने परत मिळत नाहीत.

पाचवी गोष्ट, डॉक्टरकडे नेऊन सोडल्यावर विसरू नये. आठवड्याला एक फोन, सोबत चहा, संध्याकाळी थोडे फिरणे, औषध वेळेवर घेतले का याची विचारपूस. ज्याला माणसांचा आधार आहे, त्याला उपचारही सोसवतो.

बंधू-भगिनींनो, आता जरा वेगळा मुद्दा मांडते आणि तो आपल्या समाजाला फार जवळचा आहे. मूल खचले की त्याच्या मनातच काही बिघाड आहे असे धरून चालू नये. कधी बिघाड वर्गात असतो, वसतिगृहात असतो, आडनाव विचारणाऱ्याच्या नजरेत असतो. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखण्यासाठी २०१९ साली या दोघांच्या मातांनीच सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. अपमानाने घायाळ झालेल्या मुलाला नुसत्या गोळ्या देऊन "सहन करायला शीक" म्हणणे हा उपचार नव्हे. त्याचे ऐकावे, त्याला डॉक्टरची गरज असेल तर न्यावे आणि त्याबरोबरच त्याच्या वतीने तक्रारही करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले होते. आपले मूल ज्या महाविद्यालयात शिकते तेथे तसा अधिकारी कोण आहे, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्यावे. आपली मुले बहुधा घरातील पहिलीच पदवीधर असतात. त्यांच्या पाठीशी विचारणारे कोणीतरी आहे, हे महाविद्यालयालाही कळले पाहिजे.

कायदाही आता आपल्या बाजूस आला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे या कायद्याने गृहीत धरले आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने मुलाला रुग्णालयात न नेणे, हे आता कोणीही करू नये. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण द्यावे, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. बँकेत बसणारी म्हणून सांगते, आरोग्य विमा घेताना हे विचारावयास विसरू नका.

आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरच्या शिक्षणसंस्थांना व शिकवणी वर्गांना मार्गदर्शक सूचना दिल्या. याविषयी कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरविल्या आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे किमान एक पात्र समुपदेशक नेमावा. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोन वेळा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. वंचित समाजातून आलेल्या विद्यार्थ्यांशी भेदभावाविना कसे वागावे, हेही कर्मचाऱ्यांना शिकवावे. यात 'शिक्षकेतर' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. शिपाई, ग्रंथालयातला माणूस, वसतिगृहाचा पहारेकरी हे सारे त्यात आले. रात्री अकरा वाजता जिन्यात एकटे बसलेले मूल पहारेकऱ्यालाच दिसते, प्राचार्यांना दिसत नाही.

जे न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांना सांगितले, ते आपल्याला कोणी सांगण्याची वाट आपण का पाहावी? मी संस्थेपुढे चार सूचना ठेवते. एक, येत्या वर्षात आपल्या सभासदांपैकी दहा पुरुष आणि दहा स्त्रियांनी हे प्रशिक्षण घ्यावे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाला संस्थेने पत्र द्यावे. दोन, आपल्या अभ्यासिकेत १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा आणि प्रशिक्षित सभासदांची नावेही लिहावीत. तीन, दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी गुणवंतांचे हारतुरे जरूर करावेत, परंतु त्या दिवशी दोन सभासदांनी नापास झालेल्यांच्या घरीही जावे. पुरवणी परीक्षेचा अर्ज सोबत न्यावा आणि चहा घेऊन यावे. चार, वर्षातून एकदा उजळणी करावी. भिंतीवरचे नळकांडेही वेळोवेळी तपासले नाही तर आयत्या वेळी चालत नाही. आणि हे काम करणाऱ्यानेही आपल्या मनाची काळजी घ्यावी. दुसऱ्याचे दुःख ऐकून माणूस थकतो, म्हणून एकट्याने सारा भार उचलू नये.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुम्हाला दोनच शब्द. तुमच्या शिक्षणाकडे सारे घर डोळे लावून बसले आहे हे खरे, पण त्या घराला पदवीआधी तुम्ही हवे आहात. मन जड झाले तर ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा, पण सांगणे सोडू नका. मित्राने मनातले सांगितले आणि ते भीतिदायक वाटले, तर ते स्वतःपुरते ठेवू नका. मोठ्यांना सांगणे ही चहाडी नव्हे.

मोठ्या मंडळींना शेवटची विनंती. आपण पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या फीचे पैसे भरतो, कर्जाचे हप्ते फेडतो. काउंटरच्या अलीकडून मी ते रोज पाहते. त्याच मुलांसाठी वर्षातील दोन दिवस काढून ऐकावयास शिकणे आपल्याला जड जाऊ नये. सभा संपल्यावर प्रशिक्षणासाठी नावे लिहून घेण्याची वही सचिवांच्या टेबलावर ठेवलेली आहे. पहिले नाव मी लिहिले आहे. उरलेल्या एकोणीस ओळी आपल्यासाठी आहेत.